ऑनलाइन बँकिंग सुरक्षित कसं करावं: एका निवांत रविवारचं काम

माझ्या नाशिकच्या मावशीला एका संध्याकाळी मेसेज आला: मागचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, लगेच या क्रमांकावर फोन करा. बिल तर तिने भरलेलं होतं. तरी तिने फोन केला, कारण काका आजारी होते आणि त्यांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालायचं. पलीकडचा माणूस छान मराठीत बोलला. 'काकू, घाबरू नका, दहा रुपये भरून नोंद अपडेट करून घेऊ' म्हणाला आणि त्यासाठी फोनमध्ये एक ॲप घ्यायला सांगितलं. त्या ॲपमधून तिच्या फोनचा पडदा त्याला जसाच्या तसा दिसत होता. तिने टाइप केलेला पासवर्डही दिसला, आलेले ओटीपीही दिसले. बचत खातं तर रिकामं झालंच, शिवाय त्याने नेटबँकिंगमधून तिची एक मुदत ठेव मोडली आणि तेही पैसे वळवले.

मावशी निवृत्त शिक्षिका, हिशेबाला पक्की. तिला कुणी 'एवढंही कळलं नाही का' म्हटलं की मला फार राग येतो. घाबरलेल्या माणसाला कळत नाही, तो मी असो की तुम्ही. म्हणून 'सावध राहा' एवढ्या सल्ल्यावर माझा भरवसा नाही. डोकं शांत असताना एकदा बसून अशी मांडणी करून ठेवायची, की उद्या घाईत हातून चूक झालीच तरी जाणारी रक्कम लहान असेल. मावशीच्या घरी आम्ही एका रविवारी तेच केलं. तेच इथे क्रमाने लिहिते आहे. पासबुकं, कार्डं, फोन आणि एक कोरा कागद घेऊन बसा.

पायरी १: रोजचं खातं आणि साठवणीचं खातं वेगळं करा

सगळ्यात जास्त उपयोग याच कामाचा होतो, म्हणून वेळ कमी असेल तर निदान एवढं करा.

भाजी, रिक्षा, किराणा, मोबाइलचं रिचार्ज यांसाठी एक खातं ठेवा. यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडा. त्यात महिन्याच्या किरकोळ खर्चापुरती रक्कम ठेवा, समजा दहा-पंधरा हजार. निवृत्तिवेतन, पगार, ठेवी, घरासाठी साठवलेले पैसे दुसऱ्या खात्यात. त्या खात्याला यूपीआय नको. त्याचं डेबिट कार्ड पाकिटात नको, कपाटात असू द्या. महिन्यातून एकदा तिथून रोजच्या खात्यात पैसे टाकायचे.

इथे एक बारकावा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. दोन्ही खात्यांना एकच मोबाइल क्रमांक असेल, तर ती पूर्ण वेगळी होत नाहीत. यूपीआय ॲप खातं शोधतं ते मोबाइल क्रमांकावरूनच. म्हणून जमत असेल तर साठवणीच्या खात्याला वेगळा क्रमांक द्या आणि ते सिम घरातल्या साध्या, बटणांच्या फोनमध्ये घाला. स्मार्टफोनमध्ये शिरलेलं खोटं ॲप मग त्या खात्याचे ओटीपी वाचू शकत नाही. मात्र त्या सिमचं रिचार्ज चालू ठेवा. बरेच दिवस बंद राहिलेला क्रमांक कंपनी पुढे दुसऱ्या ग्राहकाला देते आणि तुमच्या बँकेचे मेसेज त्याच्याकडे जायला लागतात.

मग मुदत ठेवींकडे वळा. 'ठेवीतले पैसे सुरक्षित' असं आपल्या मनात पक्कं बसलंय, पण नेटबँकिंग चालू असलं की बऱ्याच बँकांत ठेव घरबसल्या मोडता येते. तुम्हाला जी सोय, तीच चोराला. शाखेत जाऊन विचारा: माझ्या ठेवी ऑनलाइन मोडता येणार नाहीत, त्यासाठी मला सहीनिशी यावं लागेल, अशी व्यवस्था करता येईल का? काही बँकांत तसा पर्याय असतो. 'पूर्वमंजूर कर्जा'चंही, म्हणजे बँकेने न मागताच मंजूर करून ठेवलेल्या कर्जाचंही, विचारा: ते बंद ठेवता येईल का? खात्यात शिरलेला चोर कधी कधी तुमच्या नावावर दोन मिनिटांत कर्ज काढतो आणि ते पैसे घेऊन जातो. हप्ते तुमच्या मागे लागतात.

पायरी २: जे वापरत नाही ते बंद करा, जे वापरता त्याला मर्यादा घाला

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनला चालतं. ऑनलाइन खरेदी, परदेशातले व्यवहार आणि मशीनला नुसतं टेकवून पैसे देणं या सोयी आपण मागितल्या तरच चालू होतात. जुन्या कार्डांवर मात्र त्या चालू असू शकतात, किंवा कधीतरी गरजेला चालू केल्या आणि तशाच राहिल्या असं होतं. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या भागात जा आणि परदेशातले व्यवहार बंद करा. ऑनलाइन खरेदी लागेल तेव्हाच चालू करा. कार्ड टेकवून ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय जाऊ शकतात. ही सोय नको असेल तर तीही बंद ठेवा.

आता मर्यादा. यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला १ लाख रुपये आहे. एवढे रोज कुणाला लागतात? बऱ्याच बँका आपल्या ॲपमध्ये ती कमी करू देतात. मावशीची आम्ही पाच हजारांवर आणली. नेटबँकिंगमधून पैसे पाठवण्याची मर्यादाही अशीच खाली आणा. एखाद्या वेळी मोठी रक्कम पाठवायची असेल तर त्या दिवसापुरती वाढवा आणि परत खाली आणा. पाच मिनिटांचा हा त्रास सोसण्यासारखा आहे, कारण विचार करायला तेवढाच वेळ मिळतो.

पायरी ३: फोन स्वच्छ करा

फोनला पडदा-कुलूप लावा. त्याचा पिन आणि यूपीआयचा पिन सारखा नको, आणि दोन्हींत जन्मसाल नको. बंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसतो, तो सेटिंगमध्ये जाऊन लपवा, नाहीतर टेबलावर पडलेल्या फोनवरचा ओटीपी कुणीही वाचेल. सिमलाही पिन लावता येतो. चोरलेल्या फोनमधलं सिम काढून दुसऱ्यात घातलं तरी मग चालत नाही. पण आधी आपल्या सिमचा मूळ पिन कंपनीकडून नीट विचारून घ्या. अंदाजाने तीनदा चुकलात तर सिम अडकतं.

खरा धोका आहे तो एपीके फाइलींचा, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाइलींचा. व्हॉट्सॲपवर ओळखीच्याच माणसाकडून येतात: 'आरटीओ चलान', 'लग्नपत्रिका', 'पीएम किसान यादी'. ओळखीच्या माणसाने ती मुद्दाम पाठवलेली नसते. त्याचा फोन आधी बळी पडलेला असतो आणि त्याच्या नावाने पुढे सगळ्यांना जाते. फाइल उघडली की ॲप बसतं, मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि दिली की तुमचे ओटीपी दुसरीकडे पोचायला लागतात. कुणाचीही लग्नपत्रिका बघायला ॲप बसवावं लागत नाही. चित्र किंवा पीडीएफ सोडून दुसरं काही आलं तर उघडू नका आणि पाठवणाऱ्याला फोन करून कळवा. बिचाऱ्याला माहीतही नसेल.

रविवारी बसलाच आहात तर फोनमधली ॲपची यादी वरपासून खालपर्यंत वाचा. काय आहे ते आठवत नाही असं प्रत्येक ॲप काढून टाका. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी पडदा दाखवणारी ॲप मुळात वाईट नाहीत, कार्यालयांत कामासाठी वापरतात. पण घरच्या फोनमध्ये त्यांचं काही काम नाही. एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. मग सेटिंगमध्ये दोन परवानग्या पाहा: मेसेज वाचण्याची कुणाकुणाला आहे, आणि 'ॲक्सेसिबिलिटी' कुणाला आहे. ही दुसरी परवानगी अंध व्यक्तींसाठीच्या वाचक-ॲपसारख्या सोयींकरता असते. ती मिळाली की ॲपला पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि बटणंही दाबता येतात. साध्या खेळाच्या किंवा कर्जाच्या ॲपला ती दिसली तर ते ॲप ताबडतोब काढा.

पायरी ४: बँकेचा खरा पत्ता आणि खरा क्रमांक लिहून ठेवा

गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या क्रमांकावर फोन करू नका. चोरांनी तिथे आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा क्रमांक आत्ताच फोनमध्ये साठवा.

संकेतस्थळाचं थोडं सोपं झालं आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' (.bank.in) या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो, दुसऱ्या कुणाला विकत घेता येत नाही. सहकारी बँकांनाही हे लागू आहे. पत्ता स्वतः टाइप करा, बँकेच्या नावानंतर लगेच तीच अक्षरं आहेत ना ते बघा आणि पान बुकमार्कमध्ये साठवून ठेवा. मेसेजमधल्या लिंकवरून बँकेत शिरायचं नाही, मेसेज कितीही खरा वाटला तरी.

बँकांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला एवढंच म्हणा, 'बरं, मी शाखेत फोन करते,' आणि ठेवून द्या. क्रमांक १६०० चा दिसला तरी ओटीपी, पिन सांगायचा नाहीच.

पायरी ५: पिन कधी टाकायचा, हे घरातल्या सगळ्यांना पाठ करवा

यूपीआयचा पिन म्हणजे चेकवरची सही. पैसे देताना, फार तर आपली शिल्लक बघताना तो लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. जुनं कपाट विकायची जाहिरात टाकली की कुणी 'सैन्यात आहे, बदली झाली आहे' म्हणून न बघताच घ्यायला तयार होतो आणि पैसे 'पाठवण्यासाठी' कोड धाडतो. स्कॅन करून पिन टाकला की पैसे तुमचेच जातात. यूपीआयवरून दुसऱ्या माणसाकडे पैशांची मागणी पाठवायची सोय चोरांनी फार वापरली, म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून ती व्यक्ती-व्यक्तींमध्ये बंद झाली. क्यूआरचा डाव चालूच आहे.

पैसे पाठवताना समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव पडद्यावर येतं. २०२५ पासून ही सोय एनईएफटी आणि आरटीजीएसलाही आली आहे. ते नाव मोठ्याने वाचा. 'देशपांडे क्लासेस'ची फी भरताना कुणा अनोळखी माणसाचं नाव आलं तर थांबा.

कुणी 'चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत पाठवा' म्हणालं, तर आधी खात्याची शिल्लक बघा. नुसत्या मेसेजवर विश्वास नको, तसा मेसेज कुणीही लिहून पाठवू शकतो. पैसे खरंच आले असतील तर बँकेला कळवा आणि परत करणं त्यांच्यामार्फत होऊ द्या.

पायरी ६: 'डिजिटल अटक' आली तर काय म्हणायचं

यावर जरा थांबून लिहिते, कारण यात माणसाची आयुष्यभराची पुंजी जाते आणि तीही त्याच्याच हातून, शाखेत जाऊन आरटीजीएसचा फॉर्म भरून. मर्यादा, पिन, वेगळं खातं, काहीच आडवं येत नाही.

फोन येतो: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला. मग व्हिडिओ कॉल. गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, सीबीआयचं किंवा न्यायालयाचं शिक्क्याचं पत्र. कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही, खात्यातली रक्कम 'तपासणीसाठी' या खात्यात भरा, निर्दोष असाल तर परत मिळेल. मुलं अमेरिकेत आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये आई-बाबा दोघंच असतील, तर सांगणार कुणाला? पलीकडे रात्र असते. चोरांना हे चांगलं ठाऊक असतं.

आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक नाहीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्येही हे सांगितलं. कुठलाही पोलीस, सीबीआय, ईडी किंवा न्यायाधीश फोनवर पैसे भरायला सांगत नाही. पण त्या क्षणी हे आठवत नाही, म्हणून एकच वाक्य पाठ करून ठेवा: 'मी घरी विचारून सांगते.' समोरचा 'कुणाला सांगू नका' म्हणाला की तिथेच फोन ठेवायचा.

घरात ठरवून ठेवा की दहा हजारांवरची कुठलीही अचानक मागणी आली तर एका ठरावीक माणसाला फोन करायचा. मध्यरात्र असली तरी. परदेशातल्या मुलांनो, हे तुम्ही स्वतःहून आई-बाबांना सांगा, 'झोपेतून उठवलंत तरी चालेल' हे शब्द वापरून सांगा. त्यांना तुमची झोप मोडायचा संकोच वाटतो.

पायरी ७: पैसे गेलेच तर पहिला तास

मावशीने त्या रात्री कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली. सकाळी मला फोन केला तोवर पैसे तीन-चार खात्यांतून पुढे गेले होते. आम्हाला थोडीच रक्कम परत मिळाली. घरात असं कुणाच्या बाबतीत झालं तर आधी त्यांच्याजवळ बसा, चूक कुणाची हे नंतर.

मग याच क्रमाने:

१. १९३० वर फोन करा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक आणि आपलं खातं सांगा. पैसे ज्या खात्यात गेले ते बँकेमार्फत गोठवायची प्रक्रिया यातून सुरू होते. पैसे तिथे असेपर्यंतच तिचा उपयोग, म्हणून मिनिटं मोजायची.

२. लगेच बँकेला. कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग सगळं बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. शक्य असेल तर घरातल्या दोघांनी एकाच वेळी दोन फोन करा.

३. फोनचं इंटरनेट बंद करा. अनोळखी ॲप बसलेलं असेल तर पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

४. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन (cybercrime.gov.in) या सरकारी संकेतस्थळावर लेखी तक्रार करा. मेसेज, कॉलची यादी, स्टेटमेंट यांचे स्क्रीनशॉट जोडा. काहीही पुसू नका. पोलीस ठाण्यात 'हे आमच्या हद्दीत येत नाही' म्हटलं तर शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर), म्हणजे हद्द न बघता, गुन्हा नोंदवायची मागणी करा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तशी तरतूद आहे.

५. बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तारीख आणि शिक्का पाहिजेच.

पोच कशाला, तेही सांगते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमांप्रमाणे, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्या यंत्रणेत कुठेतरी गडबड झाली, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमचं नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर मर्यादित भार येतो, नेहमीच्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. तुम्हीच ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. म्हणून कळवल्याची वेळ सिद्ध करता आली पाहिजे. ग्राहकाची जबाबदारी होती हे दाखवण्याचं ओझंही बँकेवरच आहे. काउंटरवर 'ओटीपी तुम्हीच दिला असणार' एवढं म्हणून कुणी परत पाठवलं, तर हे नियम दाखवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

पायरी ८: महिन्यातून दहा मिनिटं

स्टेटमेंट ओळीओळीने वाचा. एक-दोन रुपयांचा न आठवणारा व्यवहारही सोडू नका. यूपीआय ॲपमधल्या 'ऑटोपे'ची यादी बघून नको असलेली वजाबाकी रद्द करा. फोनची रेंज अचानक गेली आणि शेजाऱ्याला त्याच कंपनीची रेंज आहे, असं झालं तर तुमच्या नावावर कुणी दुसरं सिम काढलं असू शकतं. लगेच दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला कळवा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते 'संचार साथी' या सरकारी सेवेवर दिसतं, अनोळखी क्रमांक तिथूनच कळवता येतो.

आधारचे बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवा. आधार आणि अंगठा एवढ्यावर पैसे काढायची सोय गावोगावी आहे आणि त्यात ओटीपी लागत नाही. दस्तनोंदणीच्या कागदांवरच्या ठशांची नक्कल करून लोकांची खाती रिकामी केल्याच्या घटना घडल्या आहेत. आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून हे कुलूप लावता येतं आणि रेशन किंवा सिमसाठी ठसा द्यायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरतं काढता येतं.

आता तो कोरा कागद घ्या. त्यावर मोठ्या अक्षरांत १९३०, मग बँकेचा कार्डामागचा क्रमांक, प्रत्येक खात्याचे शेवटचे चार आकडे आणि ज्याला मध्यरात्रीही उठवायचं त्या माणसाचा फोन. पिन आणि पासवर्ड त्यावर नको. मावशीने तिचा कागद फ्रिजच्या दारावर लावलाय, दुधाच्या हिशेबाशेजारी.